दापोलीला जा, पण लेकीच्या घड्याळाने

प्रश्न : नाशिकच्या इंदिरानगरमधून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी २० महिन्यांची, वजन ११ किलो. नाताळच्या सुट्टीत सासू-सासऱ्यांसह पाच जणांनी स्वतःच्या गाडीने दापोलीजवळच्या कर्देला चार दिवस जायचं ठरलंय. मागे पुण्याला जाताना संगमनेर सोडल्यापासून नारायणगावपर्यंत मुलगी सलग रडली. शेवटी तिला लहान मुलांच्या कार-सीटमधून काढून मांडीवर घेतलं तेव्हा ती गप्प झाली आणि थोड्याच वेळात आईच्या अंगावर उलटी केली. सासूबाई म्हणतात, "आम्ही पोरं मांडीवरच वाढवली, ते सीट घरी ठेव." यजमान म्हणतात, पहाटे चारला झोपेतच उचलून गाडीत ठेवू आणि न थांबता दुपारपर्यंत पोचू. एका मैत्रिणीने सर्दीचं सिरप अर्धा चमचा द्यायला सुचवलंय. ताई विचारतात : सिरप देऊ, मोबाइल देऊ, की सहलच रद्द करू?

उत्तर :

ताई, सिरपचं आधी बोलू. देऊ नका. सर्दीच्या बऱ्याच सिरपमध्ये झोप आणणारं अँटिहिस्टामाइन असतं. मैत्रिणीच्या मुलाला त्याने झोप लागली असेल, पण या वयात गुंगी येणं आणि श्वास मंदावणं यांत फार अंतर नसतं. त्यात मूल बसलेलं, मान छातीवर पडलेली, आणि गाडीतल्या सगळ्यांना वाटतंय की किती छान झोपलंय. उलटी थांबवायला वापरतात त्या प्रोमेथाझिनबद्दल तर 'दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये' असा स्पष्ट इशारा आहे, तो याच कारणासाठी. शिवाय काही मुलांवर या औषधांचा उलटा परिणाम होतो. झोप येत नाहीच, वर कित्येक तास नुसती चिडचिड. उलटीची फारच भीती वाटत असेल तर निघायच्या आठवडाभर आधी तिच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. मेडिकलच्या काउंटरवर विचारून आणायची ही गोष्ट नाही.

सहल रद्द करायचं मात्र काही कारण दिसत नाही. बदलायचा आहे तो प्रवासाचा आराखडा.

तुमच्या मनात जे उपाय आले ते सगळे तिचं रडणं बंद करायचे आहेत. ती का रडली, हा प्रश्न पत्रात कुठेच नाही. म्हणून पुण्याची वाट जरा उलगडून बघू. नाशिक ते संगमनेर साधारण ७० किलोमीटर, म्हणजे शहरातून बाहेर पडण्याची वेळ धरून पावणेदोन तास. मधे सिन्नरला चहाला थांबला असाल तर मोठी माणसं उतरली असतील आणि "आत्ता शांत आहे, हलवू नका" म्हणून ती बहुधा सीटमध्येच राहिली असेल. या वयाच्या मुलांना सलग एका तासाहून जास्त वेळ बांधून ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. लांबच्या प्रवासात तो तास अगदी काटेकोर पाळता येत नाही, पण दीड तासाच्या पुढे तिचं शरीर तक्रार करणारच. संगमनेरला ती नेमकी त्याच टप्प्यावर होती. मांडीवर घेतल्यावर शांत झाली ती आईजवळ आली म्हणून, हे खरंच. पण पाठ मोकळी झाली, पाय हलवता आले, डोळ्यांवरची उन्हाची तिरीप चुकली, हेही तितकंच खरं असू शकतं. यातली प्रत्येक गोष्ट गाडी थांबवून देता येते. चालत्या गाडीत बेल्ट सोडायची गरज नाही.

सीटचा मुद्दा मात्र वाटाघाटीचा नाही. सासूबाईंचं म्हणणं त्यांच्या काळापुरतं समजण्यासारखं आहे. तेव्हा रस्तेही तसे होते आणि गाड्यांचा वेगही. आज समृद्धी महामार्गावर कारची वेगमर्यादाच १२० आहे. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा एक हिशेब सांगा. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी धडकून थांबली, तर ११ किलोचं मूल पुढे फेकलं जाण्याचा जोर दीडशे किलोच्या वर जातो. म्हणजे सिमेंटची तीन पोती एका झटक्यात हातातून निसटावीत तसं. कुठल्याही आजीच्या किंवा आईच्या हातात तेवढी ताकद नसते. उलट मांडीवरच्या मुलावर मागून मोठ्या माणसाचं वजन आदळतं, आणि आई-बाळ दोघांना मिळून एकच बेल्ट लावला तर तो पट्टा बाळाच्याच पोटात घुसतो. कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १९४ ब कलमानुसार १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालआसनाशिवाय गाडीत असेल तर १,००० रुपये दंड आहे.

सीट कोणतं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. १८ किलोपर्यंत चालणारी अनेक सीट दोन्ही दिशांनी बसतात. तसं असेल तर तिचं तोंड मागच्या काचेकडे ठेवा, आणि सीटच्या लेबलवर त्या दिशेसाठी लिहिलेली वजनाची मर्यादा (बऱ्याच सीटवर ती १३ किलो असते) येईपर्यंत तसंच राहू द्या. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. धक्का बसला तर तो मानेऐवजी सीटची पाठ झेलते. पाय दुमडतात म्हणून घरातले हळहळतील, पण मुलं खुशाल मांडी घालून बसतात.

सीट नेहमी मागेच लावायचं. पुढे एअरबॅग असते आणि ती उघडली तर सीटवरच आदळते. आपल्याकडे डावी बाजू फुटपाथची, म्हणून सीट मागे डावीकडे लावलं की तिला चढवता-उतरवताना तुम्ही रहदारीत उभ्या राहत नाही. तुम्ही मधे बसा, सासूबाई उजव्या खिडकीशी. मागे तोंड केलेलं सीट पुढच्या आसनाची जागा खातं, तेव्हा सासऱ्यांना पुढे बसवायचं असेल तर निघायच्या आधीच एकदा बसवून बघा. गुडघे डॅशबोर्डला टेकत असतील तर पुढे सासूबाई आणि मागे सासरे, अशी अदलाबदल करा.

सीट घट्ट बसलंय का, हे कळायला जिथून गाडीचा बेल्ट किंवा आयसोफिक्सचा (सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायच्या सोयीचा) हूक जातो तिथे धरून जोरात हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हललं तर ते सैल आहे. मग तिला बसवून खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न करा. चिमटीत आला तर अजून ओढायला हवा. मागे तोंड असेल तर पट्टे खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत, पुढे तोंड असेल तर पातळीत किंवा किंचित वरून. मूल वाढतं आणि पट्टे विकत घेतले त्या दिवशीच्या उंचीवरच राहतात, हे फार घरांत दिसतं. खांदे दाबले गेले म्हणून रडणारं मूल आपल्याला हट्टी वाटतं.

आता नाशिककरांसाठी खास. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे हुडहुडी भरते. मूल स्वेटर, त्यावर जाड जॅकेट, कानटोपी अशा थाटात सीटमध्ये बसतं. जॅकेटच्या फुगीरपणामुळे पट्टा घट्ट वाटतो, पण धक्क्यात ते जॅकेट चेपतं आणि मूल सैल पट्ट्यातून निसटू शकतं. शिवाय कसारा उतरून पनवेलच्या बाजूला गेलात की दुपारी चांगलंच उकडतं, आणि ते जॅकेट काढायला पुन्हा सगळं सोडावं लागतं. म्हणून सुती कपडे, वर एक पातळ स्वेटर, पट्टे लावायचे आणि त्यांच्यावरून गोधडी पांघरायची. उकडलं की गोधडी ओढून काढली, काम झालं. मागे तोंड केलेल्या मुलापर्यंत पुढच्या एसीचा वारा फारसा पोचत नाही. तिला गरम होतंय का हे हाताला विचारू नका, मानेच्या मागे बोटं लावून बघा.

सीटची सवय हा निघायच्या दिवसाचा कार्यक्रम नसतो. तुमच्याकडे तीन आठवडे असतील तर पहिल्या आठवड्यात सीट दिवाणखान्यात ठेवा, पट्टे न लावता. बाहुली बसवा, तीही बसेल, तिथेच केळं खाऊ द्या. दुसऱ्या आठवड्यात उभ्या गाडीत पट्टे लावून पाच मिनिटं, मग गाडी सुरू करून सोसायटीला एक फेरी. तिसऱ्या आठवड्यात सोमेश्वर, पांडवलेणी, असं अर्ध्या तासाचं अंतर, आणि तिथे पोचल्यावर तिला आवडणारं काहीतरी. अंगाची कमान करून बसायला नकार देत असेल तर आधी कुल्ले मागे टेकवा, मधलं बकल लावा, मग खांद्यांचे पट्टे ओढा. खांद्यांपासून सुरुवात केली की कमान आणखी ताठ होते. या तीन आठवड्यांत घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा : बेल्ट लागल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि हलत असताना बेल्ट सुटत नाही. रडली म्हणून एकदा काढलं की पुढच्या वेळी ती आणखी मोठ्याने आणि जास्त वेळ रडणार, कारण ते चालतं हे तिला कळलेलं असतं. यजमानांनाही हा नियम पाळावा लागेल, तेव्हा आजी-आजोबांसमोर तो त्यांनीच सांगावा. सुनेने सांगितलं की त्याचा उगाच वाद होतो.

यजमानांच्या पहाटे चारच्या बेताबद्दल. काही मुलं खरंच झोपेत उचलली तरी झोपून राहतात, आणि तुमची तशी असेल तर त्यात फायदा आहे. पण बहुतेक मुलं थंड हवा आणि दिवा लागताच टक्क जागी होतात, तासभर उत्साहात असतात आणि भिवंडीच्या कोंडीत सापडल्यावर अर्धवट झोपेची किरकिर सुरू होते. त्याहून मोठी काळजी म्हणजे जेमतेम चार तास झोपून गाडी चालवणारा माणूस. "न थांबता" हा शब्द तर यादीतून काढूनच टाका. मोबाइलवरचा नकाशा जो वेळ दाखवतो त्याची दीडपट धरा, लहान मुलाचा प्रवास तेवढा होतो. नाशिक ते कर्दे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. या हिशेबाने एका दिवसात गेलात तर बारा तास होतात आणि शेवटचा, सगळ्यात वळणांचा टप्पा अंधारात, दमलेल्या मुलीबरोबर येतो. म्हणून वाटेत माणगावला एक रात्र थांबावं, असं माझं मत आहे. चारचे पाच दिवस करता आले तर उत्तम. नसेल जमत तर कर्देतली एक रात्र कमी करा. तिला एक जास्तीची अनोळखी खोली सोसावी लागेल, ही त्याची किंमत. पण सासऱ्यांच्या कमरेलाही ही विश्रांती लागणारच आहे.

पहिला दिवस साधारण असा. तिला नेहमीसारखं उठू द्या, दूध घेऊ द्या, आणि दुधानंतर पाऊण तासाने, सातच्या सुमारास निघा. आठच्या आत घोटी-इगतपुरीला पहिला थांबा : नाश्ता, डायपर, आणि वीस मिनिटं नुसतं चालणं. त्यापुढे इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ पासून खुला आहे. कसारा घाटाची वळणं त्याने टळतात. पण तिथे कडेला गाडी लावून मुलाला उतरवायची सोय नाही आणि ते सुरक्षितही नाही, तेव्हा जे करायचं ते आधीच. सुरुवातीला सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा लागतो. "आता मोठ्ठा अंधार येणार, दिवे बघू" असं आधी सांगितलं तर ती घाबरायच्या ऐवजी वाट बघेल. नाशिक-इगतपुरी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. उतरताना मोठ्यांसारखे तिच्याही कानांत दडे बसतात आणि ते तिला सांगता येत नाही. बोगद्यानंतर दर थोड्या वेळाने घोटभर पाणी पाजा, गिळल्याने दडे सुटतात. आमण्याला बाहेर पडल्यावर पंधरा मिनिटांचा थांबा, आणि मग भिवंडी-शिळफाट्याची कोंडी. तिचा काही नेम नसतो, म्हणून गाडीतली करमणूक तोवर राखून ठेवा.

दुपारचं जेवण पनवेलपुढे कर्नाळ्याला. अभयारण्य महामार्गालाच लागून आहे. झाडाखाली चालता येतं, माकडं दिसतात (खाऊची पिशवी मात्र त्यांच्यापासून लांब). तिची दुपारची झोप साडेबारा-एकची असेल असं मी धरते. ती कर्नाळा ते माणगाव या टप्प्यात बसवायची. जेवण, तोंड-हात धुणं, नवा डायपर, घरची गोधडी, खिडकीला पडदा आणि गाणं बंद. घरी झोपवताना जे करता त्याच क्रमाने. तीनपर्यंत माणगाव, आणि त्या दिवशीची गाडी तिथेच थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी हलकं खाऊन आंबेत, मंडणगड, दापोली करत दहा-साडेदहाला कर्दे. मंडणगड ते दापोली वळणं भरपूर, तिथे वेग कमी ठेवा आणि मधे एकदा उतरा.

पुणे, शिर्डी, सापुतारा, नागपूर अशा वाटांवर जाणाऱ्या वाचकांनाही हिशेब हाच : थांबे आपल्या चहाप्रमाणे नाही, तिच्या दीड तासाप्रमाणे, आणि सगळ्यात कंटाळवाणा टप्पा तिच्या झोपेत. पुण्याच्या वाटेवर संगमनेर आणि नारायणगाव हे दोन थांबे पक्के धरा. नागपूरला समृद्धीने जाणाऱ्यांनी दोन वेळचं जेवण आणि भरपूर पाणी घेऊनच चढावं. तिथे अंतरं मोठी आणि सोयी विरळ आहेत.

थांबणं म्हणजे मुलाला कडेवर घेऊन चहाच्या टेबलाशी उभं राहणं नव्हे. तिला पळायला हवं. हॉटेलपेक्षा देवळाचं आवार, पेट्रोलपंपामागची मोकळी जागा, बागेचा कोपरा बघा. एका मोठ्याने फक्त तिच्या मागे राहायचं आणि बाकीच्यांनी आपलं उरकायचं. आजोबांना ही कामगिरी आवडेल.

खाण्यात दोन वेगळ्या गोष्टी सांभाळायच्या, घशात अडकणं आणि उलटी. नाशिकच्या कुठल्याही प्रवासी पिशवीत चिवडा आणि द्राक्षं असतात. दोन्ही तिच्यासाठी चालत्या गाडीत बंद. शेंगदाणे, डाळं, फुटाणे, पॉपकॉर्न, गोळ्या चार वर्षांपर्यंत नकोतच. द्राक्षाचे उभे चार काप करून, ते थांब्यावर बसूनच. मागे तोंड असलेल्या मुलाला ठसका लागला तर तो आवाजाने कळतोच असं नाही, म्हणून गाडीत तिच्या शेजारी नेहमी एक मोठं माणूस जागं हवं. गाडीत द्यायचं ते मऊ आणि कोरडं : मुगाच्या धिरड्याच्या बोटभर पट्ट्या, मऊ पोळीचा रोल, इडलीचे तुकडे, उकडलेलं रताळं. थर्मासमध्ये मऊ मेतकूट-भात नेला तर दुपारच्या जेवणाची चिंताच मिटते. तेलकट वडा, क्रीमची बिस्किटं, डब्यातले ज्यूस आणि पोटभर दूध वळणांच्या आधी नको. पोट पूर्ण रिकामंही नको, त्यानेही मळमळतं.

गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांच्या आत कमी, दोनपासून पुढे वाढतो. म्हणजे तुमची लेक उंबरठ्यावर आहे. कानाला हालचाल कळते आणि डोळ्यांना समोरची स्थिर वस्तू दिसते, या विसंगतीने मळमळ होते. म्हणून वळणांवर पुस्तक आणि मोबाइल दोन्ही बंद, खिडकीतून लांबचं काही दाखवत राहायचं, काच थोडी खाली. जांभया, लाळ, चेहरा पांढरा पडणं आणि अचानक शांत होणं ही उलटीची आगाऊ सूचना आहे. ही शांतता बघून "बरं झालं, गप्प बसली" म्हणू नका, गाडी थांबवा. हाताशी झिपच्या मोठ्या पिशव्या, दोन जुने पंचे, तिच्या कपड्यांचे दोन जोड आणि तुमचा स्वतःचा एक कुर्ता ठेवा. तो नेहमी विसरला जातो. सीटचे पट्टे ओल्या फडक्याने, सौम्य साबणाने पुसा. बादलीत भिजवले तर त्यांची मजबुती कमी होते.

करमणुकीसाठी खेळण्यांची पिशवी तिच्यापुढे उलटी करू नका. दहा मिनिटांत सगळं संपतं. वीस मिनिटांना एक वस्तू, आणि नवी देताना जुनी काढून घ्यायची. दुकानातल्यापेक्षा घरातलं जास्त टिकतं. ओल्या वाइप्सचं रिकामं पाकीट घ्या, त्यात ओढणीचे जुने चार-पाच चौकोन टोकाला टोक अडकवून भरा. पहिलं टोक बाहेर ठेवा. ती ओढत राहील, सगळं बाहेर आलं की तुम्ही भरून द्या, ती पुन्हा ओढेल. कागदाची चिकटपट्टी काचेवर लावून सोलायला देणं, मोज्याची हातबाहुली, चेन उघडायची पाउच, हेही चालतं. लांब दोऱ्या, बटण सेलवर चालणारी खेळणी आणि चुंबकाचे सुटे तुकडे नकोत. जड किंवा टणक काहीच नको, जोराचा ब्रेक लागला की ते उडतं. मागच्या काचेखाली ठेवलेला पाण्याचा थर्मासही त्यातच आला. तो डिकीत टाका.

मोबाइलचं म्हणाल तर दोन वर्षांखाली शक्यतो नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण शिळफाट्याला तासभर अडकलात, सगळं करून झालं आणि ती टाहो फोडतेय, तेव्हा आधीच डाउनलोड केलेली पंधरा-वीस मिनिटांची बडबडगीतं लावलीत तर अपराधी वाटून घेऊ नका. फक्त त्याने दिवसाची सुरुवात करू नका. सकाळी सातला मोबाइल हातात दिला तर अकराला द्यायला काहीच उरत नाही.

थोडं रडणं येणारच, ताई. पट्टे ठीक आहेत, भूक नाही, डायपर कोरडा आहे, ऊन लागत नाही, आणि थांबा दहा मिनिटांवर आहे, एवढं बघून झालं असेल तर तिच्या शेजारी बसून हात धरा आणि तिला रडू द्या. गाडीतल्या बाकी तिघांनी सूचनांचा भडिमार मात्र थांबवावा. इतके आवाज एकदम लागले की मूल आणखी भेदरतं.

उभ्या गाडीत तिला एकटीला कधीही सोडू नका, "दोन मिनिटं, झोपलीये" म्हणूनसुद्धा. उन्हातल्या बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी चढतं. थांब्यावर सीट उन्हात येणार असेल तर बकलवर पंचा टाकून ठेवा, तापलेलं लोखंड मांडीला चटका देतं.

कर्देला पोचल्यावर सामान उघडण्याआधी एका मोठ्याने खोलीत गुडघ्यांवर फिरावं. खालचे प्लग, गॅलरीच्या गजांमधली फट, न्हाणीतली भरलेली बादली, फिनेलची बाटली, कपाटातल्या डांबरगोळ्या, टेबलावरून लोंबणारी किटलीची वायर, हे सगळं उभ्याने दिसत नाही. कोकणात विंचू असतात. चपला-बूट आणि खाली पडलेले कपडे झटकूनच घालायचे, आणि पाहुण्यांच्या अंथरुणापेक्षा घरची चादर व मच्छरदाणी बरी. लहान मुलाला लाल विंचू चावला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन वापरून या दंशाचे मृत्यू टाळता येतात हे दाखवलं, पण ते औषध वेळेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि १०८ क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

औषधांच्या डब्यात तापाचं सिरप घ्याल तेव्हा बाटलीवरचा आकडा बघा. पॅरासिटामॉल ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असं मिळतं आणि २५० मिलिग्रॅम असंही. घरच्या बाटलीचा अंदाज नव्या बाटलीला लावला तर मात्रा दुप्पट होते. तिच्या वजनाप्रमाणे किती मिलिलिटर, हे डॉक्टरांकडून त्याच बाटलीवर लिहून घ्या. जुलाबासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या ओआरएसच्या पुड्या घ्या. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठीच असते, ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाकून चालत नाही. खोक्यातली फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएसच्या जागी देऊ नका.

तिथे दिवसाला एकच बेत ठेवा. सकाळी दहापर्यंत किंवा चारनंतर समुद्र, मधे खोलीत जेवण आणि झोप. किनाऱ्यावर ती कायम हाताच्या अंतरात हवी. घोट्याएवढ्या पाण्यातही परतणारी लाट तिच्या पायाखालची वाळू ओढून नेते. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघायला मोठ्यांना जायचं असेल तर दोघा-दोघांनी आळीपाळीने जा. तिने अजून मासे खाल्ले नसतील तर सुरुवात या सहलीत नको, घरी परतून करा. आणि डायपर सोडवायची मोहीम निघायच्या आधीच्या दोन आठवड्यांत सुरू करू नका.

परतीला क्रम उलटा होतो. वळणं पहिल्या टप्प्यातच येतात. झोपलेल्या मुलाला गाडी सहसा लागत नाही, म्हणून कर्देहून सकाळी घाईने निघण्याऐवजी सकाळ समुद्रावर घालवा, अकराला हलकं जेवण द्या आणि बाराच्या सुमारास निघा. मंडणगडची वळणं तिच्या झोपेत जातील. तीनपर्यंत माणगाव, सहाच्या सुमारास पनवेल. तिथे तिचं रात्रीचं जेवण उरका, रात्रीचे कपडे आणि मोठ्या मापाचा डायपर घाला, आणि यजमान ताजेतवाने असतील तरच पुढे निघा. ती समृद्धीवर झोपलेली असेल आणि दहाच्या आसपास तुम्ही घरी असाल. तो दिवस सुट्टीतला शेवटचा रविवार असेल, किंवा पनवेलला पोचेपर्यंत गाडी चालवणाऱ्याचे डोळे जड झाले असतील, तर ती रात्र पनवेललाच काढा आणि सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा.